वळण मुलींना, धिटाई मुलांना?

शाळेत पाहुणे यायचे असले की दोन दिवस आधी कामांची वाटणी होते. रांगोळी, औक्षणाचं तबक, स्वागतगीत हे मुलींकडे. बाकं उचलणं, खुर्च्या मांडणं, माइकची वायर ओढणं, फाट्यावर जाऊन पाहुण्यांची गाडी शाळेपर्यंत आणणं हे मुलांकडे. मुली काठपदराच्या साड्या नेसून पेटीच्या सुरावर दोन कडवी म्हणतात, पाहुण्यांना गुलाबाचं फूल देतात आणि मागे जाऊन उभ्या राहतात. मुलं दोन्ही दिवस गावभर हिंडतात, मंडपवाल्याशी बोलतात, दुकानातून उधारीवर सामान आणतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. गेल्या वर्षी असंच झालं होतं, म्हणून यंदाही होतं.

पण त्या दोन दिवसांत तेरा-चौदा वर्षांची मुलं एक मोठा धडा शिकतात, आणि प्रत्येकाच्या वाट्याला त्यातला अर्धाच येतो. पाणी कसं द्यावं, कुणाशी हळू आवाजात बोलावं, समोरच्याला काय हवं ते न सांगता कसं ओळखावं, हे मुली शिकतात. अनोळखी माणसाला कसं गाठावं, अडलेलं काम कसं पुढे रेटावं, चारचौघांत आवाज कसा चढवावा, हे मुलं शिकतात. पहिल्याला घरात वळण म्हणतात, दुसऱ्याला धिटाई. पुढे मुलाखतीच्या खोलीत उत्तर येत असूनही मुलीचा आवाज फुटत नाही. घडाघडा बोलणाऱ्या मुलाला समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायचं असतं हे ठाऊकच नसतं. तेव्हा दोघांच्या 'पर्सनॅलिटी'त काही कमी आहे म्हणून क्लास शोधला जातो. कमी पडलेलं असतं ते मात्र त्या जुन्या वाटणीतलं दुसरं अर्धं.

ही वाटणी फार पुरातन आहे असंही नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिलाच समास मूर्खलक्षणांचा आहे. दोघं बोलत असताना तिसऱ्याने मध्ये जाऊन बसणं, दोन्ही हातांनी डोकं खाजवणं अशा बारीकसारीक गोष्टी त्यात नोंदवल्या आहेत, आणि त्या लोकांत वावरणाऱ्या, कारभार करणाऱ्या माणसासाठी आहेत. युरोपात 1530 मध्ये इरॅस्मसने लॅटिनमध्ये एक लहानसं पुस्तक लिहिलं. नाक कसं पुसावं, जेवायला कसं बसावं, मोठ्यांशी कसं बोलावं हा त्याचा विषय. ते त्याने एका लहान राजपुत्राला उद्देशून लिहिलं, आणि त्याचं शीर्षकच मुलग्यांच्या शिष्टाचाराविषयी होतं. ज्याला उद्या लोकांत उभं राहायचं आहे त्याने आधी वागायला शिकावं, असा तो सरळ हिशोब होता. शिष्टाचार आणि आत्मविश्वास तेव्हा एकाच शिकवणीत बसत होते.

किशोरवयात हे शिकवणं अवघड का जातं, याचं उत्तर त्या वयाच्या घडणीत आहे. जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 हा काळ किशोरावस्थेचा मानते. या वयात मुलांना सारखं वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये याला 'काल्पनिक प्रेक्षक' असं नाव दिलं. मुरुम आलेला असतो एक, पण मुलाला वाटतं वर्गातल्या साठही जणांनी तो पाहिला. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्याला एका गायकाचा चेहरा छापलेला, त्या वयाला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला दिला आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. किती जणांनी चेहरा ओळखला असेल, असं विचारल्यावर घालणाऱ्यांचा अंदाज होता जवळपास निम्म्यांनी. प्रत्यक्षात ओळखला होता सुमारे पाव जणांनी. ही कॉलेजातल्या मुलांची गोष्ट. आठवी-नववीत तर ही भीती आणखी टोकाची असते.

आता घरातला नेहमीचा प्रसंग पाहावा. बेल वाजते, आईवडिलांचे ओळखीचे कुणी येतात. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर येतो, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहतो. 'अरे, काकांना नमस्कार कर. बोल की काहीतरी! तोंड शिवलंय का?' आणि मग पाहुण्यांकडे वळून, 'हा असाच आहे हो, घुम्या.' पाहुणे हसतात, विषय संपतो. मुलाच्या मनातला तो काल्पनिक प्रेक्षकवर्ग मात्र त्या क्षणी खरा झालेला असतो. पुढच्या वेळी बेल वाजली की तो बाथरूममध्ये जाऊन बसतो. मुलगी असेल तर तिला बोलायला सांगतच नाहीत. 'पाणी आण' एवढ्यावर भागतं. दोघांनाही पाहुण्यांशी बोलता येत नाही ते नाहीच. घरातल्या घरात, आधी एकट्याला गाठून 'काका आले की त्यांना प्रवास कसा झाला विचार, आणि चहा तूच घेऊन ये' असं सांगणारे पालक याच मुलाकडून सहज काम करून घेतात, कारण त्याला नेमकं काय म्हणायचं आणि हातांचं काय करायचं हे दोन्ही ठाऊक असतं. बुजऱ्या मुलाची अर्धी अडचण हातांचीच असते.

आत्मविश्वासाच्या बाबतीत एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. मुलाला 'तू हुशार आहेस, तू काहीही करू शकतोस' असं सतत सांगत राहिलं की आत्मविश्वास वाढतो, हा तो गैरसमज. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने 1986 मध्ये स्वाभिमान वाढवण्यासाठी सरकारी समितीच नेमली होती. मुलांना स्वतःबद्दल चांगलं वाटू लागलं की अभ्यासापासून व्यसनांपर्यंत सगळं सुधारेल, अशी आशा होती. 2003 मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोपर्यंतच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, तेव्हा स्वतःबद्दल चांगलं वाटल्यामुळे अभ्यास सुधारतो असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. त्याआधी 1998 मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस. काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. पुढे अवघड कोडी दिल्यावर 'हुशार' म्हणवलेली मुलं लवकर खचली. मेहनतीची दाद मिळालेली टिकून राहिली.

मग आत्मविश्वास येतो कुठून? अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये मांडलेलं उत्तर आजही टिकून आहे: एखादी गोष्ट स्वतः करून पार पाडल्याचा अनुभव हा त्याचा सर्वांत मोठा स्रोत. दुसऱ्याला करताना पाहणं, कुणी धीर देणं या गोष्टी त्यानंतर येतात. म्हणूनच एप्रिल-मे महिन्यांत गल्लोगल्ली भरणाऱ्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांकडे थोडं सावधपणे पाहायला हवं. त्यांतली काही उत्तम असतात. पण ज्या शिबिरात हॉलमध्ये खुर्च्यांवर बसवून 'देहबोली'वर भाषण होतं, हस्तांदोलन किती घट्ट असावं ते सांगितलं जातं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं, तिथे मुलाच्या हातून काहीच पार पडलेलं नसतं.

हातून पार पाडण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे, आणि ती शंभर वर्षांहून जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडलं. 1927 मध्ये महात्मा गांधींनी त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एका पंगतीला बसत. आळीपाळीने स्वयंपाक करत, पाणी भरत, भांडी घासत, शेतात राबत. त्या काळात जातवार वेगळी पंगत हाच गावोगावचा रिवाज होता आणि तो मोडणारा असभ्य ठरे. साताऱ्याच्या त्या पंगतीत मुलांना वेगळाच शिष्टाचार शिकायला मिळाला: शेजारी कोण बसलंय ते न विचारता त्याच्या पानात भाकरी वाढणं. चालत आलेली प्रत्येक रीत शिष्टाचार नसते, हे त्या मुलांना कुणी व्याख्यान देऊन सांगितलं नव्हतं. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, आणि हे मुलांच्या डोळ्यांसमोर घडत होतं.

आणखी एक गोष्ट तिथे घडली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. हे सगळे मुलगे होते, आणि ते भाकऱ्या थापत होते. घरी आईबहिणींनीच करायचं असं मानलेलं काम, म्हणजे दुसऱ्याला वाढणं, उष्टं काढणं, आजाऱ्याचं पाहणं, हे त्यांच्या अंगवळणी पडत होतं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजीही हेच करत होते. मुलांच्या खोल्या आवरणं, त्यांचे कपडे धुणं ही कामं गुरुजी स्वतः करत. ओशाळलेली मुलं मग आपली आपण करू लागत. मुलग्यांना मायेने वागायला शिकवण्याची ही पद्धत आज फारशी कुणी वापरत नाही, आणि त्याचं वाईट वाटतं.

मुलींच्या बाबतीत उलटा प्रयोग मुंबईत गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये झाला. दाट वस्तीचा हा भाग. तिथे 'परिवर्तन' या उपक्रमात बारा ते सोळा वर्षांच्या मुलींना कबड्डी शिकवण्यात आली. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन ही संशोधन संस्था आणि त्या वस्तीत वर्षानुवर्षं काम करणारी अपनालय ही संस्था यांचा हा उपक्रम. वस्तीतल्याच तरुण मुली मार्गदर्शक होत्या. खेळाबरोबर शाळा, लग्न, घरातली वागणूक, रस्त्यावरची छेडछाड यांविषयी गप्पा होत.

कबड्डीच का, हे समजून घ्यायला एक चढाई डोळ्यांसमोर आणावी. महिलांचं मैदान बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद. मुलीने मध्यरेषा ओलांडली की तीस सेकंद तिची. समोर सात जणी. तोंडाने 'कबड्डी, कबड्डी' असा दम पंचांना स्पष्ट ऐकू येईल इतक्या मोठ्याने चालू ठेवावाच लागतो; आवाज तुटला की चढाई गेली. ज्या मुलीला घरात सतत 'हळू बोल' सांगितलं गेलं, तिला इथे मोठ्याने बोलण्याचाच नियम आहे. खाली मान घालून चालण्याची सवय असेल तर बाद व्हायला दोन सेकंद पुरतात, कारण नजर सातही जणींवर ठेवावी लागते. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, हात पसरून उभं राहावं लागतं. ओढणी सावरत हे जमत नाही. आणि हे सारं वस्तीतल्या उघड्या मैदानात, जिथे एरवी मुलगेच खेळतात आणि कट्ट्यावर बघे बसलेले असतात. अशा मैदानात रोज संध्याकाळी हक्काने जाऊन उभं राहणं हा खेळाइतकाच मोठा सराव आहे.

याच खेळात शिष्टाचारही ठासून भरलेला आहे. मैदानात शिरताना मातीला हात लावून तो कपाळाला लावायचा. बाद झाल्यावर तोंड वाकडं न करता बाहेर जायचं. पंचांनी दिलेला निर्णय मानायचा, पण चूक झाली असं वाटलं तर कर्णधाराने जाऊन विचारायचं. सामना संपला की जिला आत्ता पाय धरून ओढलं तिच्याशीच हात मिळवायचा. आक्रमकता आणि सभ्यपणा एकाच सामन्यात, एकाच अंगात.

'परिवर्तन' याच नावाच्या उपक्रमात मुंबईतल्या शालेय क्रिकेट संघांतल्या मुलांबरोबर आणि शिवाजीनगरमधल्या मुलांबरोबरही काम झालं. कल्पना मूळची अमेरिकेतली. तिथे शाळेच्या खेळांच्या प्रशिक्षकांना हाताशी धरून 'कोचिंग बॉइज इनटू मेन' नावाचा कार्यक्रम राबवला जातो. सरावाआधी आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं प्रशिक्षक मुलांशी मुलींचा आदर, शिवीगाळ, मर्दपणा यांवर बोलतो. मुंबईत क्रिकेटच्या सरांनी ते केलं. चौदा वर्षांच्या मुलाला घरच्यांचं बोलणं कटकट वाटतं, पण ज्याच्या हातात संघनिवड आहे त्या सरांचा शब्द तो झेलतो. बॅट आपटू नये, पंचाला उलट बोलू नये, हे सर आधीपासून सांगत होतेच. त्यालाच लागून ते आता सांगू लागले की जाळीपलीकडून जाणाऱ्या मुलींवर शेरे मारणं हेही तितकंच गैर आहे. या मुलांच्या मतांमध्ये फरक पडल्याचं संशोधकांना दिसलं. वागणूक बदलायला मात्र मतं बदलण्याहून जास्त काळ लागतो, हेही दिसलं.

2008 ते 2011 या काळात मुंबई महापालिकेच्या 45 शाळांमध्ये सहावी-सातवीच्या वर्गांत मुलगे-मुली समानतेवरचा 'जेम्स' नावाचा प्रकल्पही झाला. कोरो ही स्वयंसेवी संस्था आणि टाटा समाजविज्ञान संस्था त्यात सहभागी होत्या. काही शाळांत फक्त मोहीम झाली: नाटकं, स्पर्धा, फलक. काहींत मोहिमेबरोबर वर्गात मुलामुलींच्या चर्चा आणि खेळही घेतले गेले. चर्चा झालेल्या शाळांतल्या मुलांची मतं जास्त बदलली. ज्या मुख्याध्यापकांना वाटतं की भिंतीवर सुविचार रंगवले की काम झालं, त्यांनी हा निष्कर्ष मनावर घ्यायला हवा. पुण्यातली इक्वल कम्युनिटी फाउंडेशन वस्त्यांमधल्या किशोरवयीन मुलांबरोबर नियमित गटचर्चा घेते. हरीश सदानी यांच्या पुढाकाराने 1993 मध्ये सुरू झालेल्या 'मावा' या संघटनेने 2006 पासून 'युवा मैत्री' उपक्रमात महाविद्यालयीन तरुणांशी पुरुषपणाविषयी बोलायला सुरुवात केली. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांचं 'तारुण्यभान' शिबिर शरीर आणि नात्यांविषयी मोकळेपणाने बोलायला शिकवतं. ज्ञान प्रबोधिनीने तर मुंजीसारख्या फक्त मुलग्यांच्या आणि ठरावीक जातींच्या विधीचं नवं रूप घडवलं; तिथला विद्याव्रत संस्कार किशोरवयीन मुलं आणि मुली दोघांचाही होतो.

धीट मुलीला उद्धट म्हणण्याची सवय जुनी आहे, म्हणून एका जुन्या मुलीचं नाव इथे घ्यायलाच हवं. मुक्ता साळवे. पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली विद्यार्थिनी. जेमतेम चौदा वर्षांची असताना तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि 1855 मध्ये तो 'ज्ञानोदय'त छापून आला. वेदांवर फक्त आपला हक्क सांगणाऱ्यांना तिने त्यात सरळ जाब विचारला. मग आमचा धर्म कोणता, असं तिने देवालाच विचारलं. तिच्या भोवतीच्या समाजाच्या दृष्टीने हे सर्व शिष्टाचार मोडणारं होतं. शाळेत तिला आपलं म्हणणं मुद्द्याने, क्रमाने मांडायला शिकवलं होतं आणि ते मांडल्याबद्दल कुणी गप्प बसवलं नव्हतं, एवढ्यावर हे घडलं. आत्मविश्वासाची यापेक्षा मोठी शिकवणी एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात शोधून सापडणं कठीण.

आजच्या साध्या शाळेला यासाठी वेगळा निधी लागत नाही. मराठी शाळांत रोज परिपाठ असतो: प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, प्रश्नमंजूषा. दहा-पंधरा मिनिटांचं हे रोजचं व्यासपीठ आहे. दुखणं एवढंच की वर्षभर त्यावर वर्गातली तीच चार-पाच मुलं दिसतात. शिक्षकांना घाई असते, चुकणारं मूल नको असतं, म्हणून वाचन चांगलं असलेली मुलगी बातम्या वाचते आणि मोठ्या आवाजाचा मुलगा 'सावधान, विश्राम' म्हणतो. हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावली, तर साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला वर्षातून अनेकदा माइकसमोर उभं राहावं लागेल. पहिल्या वेळी बातमी वाचताना कागद थरथरेल. तिसऱ्या वेळी कमी थरथरेल. बांडुरांनी जे सांगितलं ते इथे फुकटात होतं. अट एकच: चुकल्यावर वर्ग हसला तर शिक्षकाने त्या हसण्याला तिथल्या तिथे थांबवायचं. बोलणाऱ्याला धीर आणि ऐकणाऱ्यांना सभ्यपणा, दोन्ही त्याच क्षणी शिकवून होतं.

शिक्षक दिनाचं स्वयंशासन हीसुद्धा अशीच संधी आहे, पण ती वर्षातून एकदाच येते आणि तीही बहुतेक वेळा दहावीच्या हुशार मुलांपुरती. त्या मानाने अनेक जिल्हा परिषद शाळांत भरणारा बाल आनंद बाजार फार मोलाचा. मुलं घरून मेथी, कोथिंबीर, चिंचा, भेळ घेऊन येतात, गावकरी गिऱ्हाईक. इथे सहावीच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मोठ्या माणसाशी बरोबरीने बोलावं लागतं. 'मावशी, दहाला जुडी. नाही, आठला परवडत नाही.' नकार द्यायचा, पण गिऱ्हाईक तोडायचं नाही. सुटे पैसे मोजून परत द्यायचे. मावशी पुढच्या पोराकडे गेली तरी तिला 'या परत' म्हणायचं. वीस मिनिटांत जे इथे शिकून होतं त्यासाठी पुढे मोठे लोक पैसे मोजून प्रशिक्षण घेतात. शिक्षकांनी एवढं पाहावं की मुली फक्त भाजी निवडत नाहीत, गल्ल्यावरही बसतात. आणि मुलगे फक्त पैसे मोजत नाहीत, शेवटी मैदान झाडायलाही थांबतात.

शाळांनी हे आत्ता करण्याला आणखी एक कारण आहे. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 2019 मध्ये नवी चित्रं आली. आईबरोबर भाजी निवडणारे वडील, डॉक्टर असलेली बाई. त्यांची तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. त्या वर्षी दुसरीत असलेली मुलं 2025-26 मध्ये आठवीत पोचली. चित्रं पाहून झाली आणि लगेच कोरोनाची टाळेबंदी आली. तिसरीचं वर्ष त्यांनी घरात, मोबाइलच्या पडद्यासमोर काढलं. माणसांत मिसळण्याची सुरुवातीची वर्षं हुकलेली ही मुलं आज पाहुण्यांसमोर गोंधळतात. ग्रुपवर मात्र एकमेकांचे फोटो न विचारता पुढे ढकलतात. यात त्यांचा दोष शोधू नये. मोबाइलचा शिष्टाचार त्यांना कुणी शिकवलेलाच नाही. न विचारता कुणाचा फोटो पाठवू नये, रात्री अकरानंतर फोन करू नये, बोलणाऱ्यासमोर स्क्रीनकडे पाहू नये, हे घरातल्या मोठ्यांनी आधी स्वतः पाळलं तरच सांगता येतं.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. दहा वर्षांपुढच्या मुलांना बँकेच्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. तेव्हा मुलीला एकटीला बँकेत पाठवावं. स्लिप भरताना चुकली तर काउंटरवरच्या माणसाला विचारून दुरुस्त करू द्यावी. एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी तिने जावं, वडिलांनी सामानापाशी थांबावं. मुलाने आजीला डॉक्टरांकडे न्यावं, गोळ्या कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि घरी आल्यावर तिला गरम पाणी द्यावं. सोसायटीचा वॉचमन, घरकाम करणाऱ्या मावशी, कचरा नेणारा माणूस यांना 'अहो' म्हणायला दोघांनीही शिकावं. चांगल्या घरातली म्हणवणारी मुलंही साहेबाला 'अहो' आणि वयाने दुप्पट असलेल्या रिक्षावाल्याला 'ए' म्हणतात, तेव्हा त्यांना पद ओळखायला शिकवलेलं असतं, माणूस ओळखायला नाही.

या शिकवणीतला सर्वांत अवघड भाग नकाराचा. मोठ्यांना नाही म्हणू नये, हे वळण आपल्याकडे इतकं पक्कं आहे की नको असलेला स्पर्शही मूल मुकाट सोसतं. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुली आणि मुलगे दोघांनाही लागू आहे. पण मुलींना निदान 'सांभाळून राहा' असं तरी सांगितलं जातं. मुलग्याच्या बाबतीत असं काही होऊ शकतं, हे घरात उच्चारलंही जात नाही, आणि झालंच तर 'मुलगा असून रडतोस काय' याच भीतीने तो बोलत नाही. महाराष्ट्रात 2022 पासून शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी असे आदेश आहेत, तक्रारपेटी असते, 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा विनाशुल्क क्रमांक आहे. या सगळ्याचा उपयोग मुलाला एक वाक्य म्हणता आलं तरच होतो: 'मला हे आवडत नाही, मी घरी सांगणार आहे.' हे वाक्य आईवडिलांनी मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावं. आधी पुटपुटतील, हसतील, नजर चुकवतील. तरी पुन्हा म्हणायला लावावं. मुलीकडून घ्यावं आणि मुलाकडूनही. समोरचा माणूस शिक्षक असेल, काका असेल, देवळातला पुजारी असेल, तरीही हेच वाक्य चालतं, हे त्यांना त्याच वेळी सांगावं. आणि एखाद्या घरगुती समारंभात मुलाने खरोखरच कुणाच्या गळ्यात पडायला नकार दिला, तर चार नातेवाइकांसमोर त्याची बाजू घ्यावी.